नटावरची रेघ

कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये डंपरच्या चाकाचा नट आवळून झाला की आम्ही त्याच्यावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढत असू. रेघ नटावरून निघायची आणि शेजारच्या लोखंडावर उतरायची. पुढच्या पाळीत कोणीही आला तरी त्याला पाना लावून बघायची गरज नसे. रेघ सरळ असली तर नट जागेवर, रेघ तुटली तर नट हलला. नोकरीभर मी हेच काम केलं. त्या कामाने माझा स्वभाव असा तपासून बघणारा झाला, का मुळात तो तसाच होता म्हणून ते काम आवडलं, हे मला सांगता येणार नाही. बायको म्हणते, मी लग्नाच्या मांडवातसुद्धा आहेराची भांडी वाजवून बघत होतो. हे खोटं आहे. मी फक्त एक पातेलं वाजवलं होतं.

रिटायर झाल्यावर आम्ही घुग्घुसलाच राहिलो. सकाळी ओटा पुसला तर दुपारी त्यावर बोटाने नाव लिहिता येतं, अशी इथली धूळ. मुलगी मात्र तिकडे गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलातल्या एका उपकेंद्रात नर्स आहे. लसीकरण असो की कोणाची बाळंतपणाची घाई असो, तिला पाड्यापाड्यांवर जावं लागतं. रस्ता अर्धा डांबरी, अर्धा नुसता म्हणायला रस्ता. मोबाईलला रेंज नाही. मोहाच्या दिवसांत सकाळी झाडाखाली फुलं वेचणारी माणसं तरी असतात, एरवी तासभर कोणी दिसत नाही. दिसलाच तर वाघ दिसायचा. त्या रस्त्यावर स्कुटी टिकणार नाही म्हणून तिने मोटरसायकल घेतली. ती गाडी मध्येच बंद पडली किंवा उतारावर ब्रेक लागला नाही, तर पुढचा विचार मला करवत नाही. ती गाडी घेऊन गेली त्या दिवसापासून माझं अर्धं लक्ष तिच्या मागच्या चाकात असतं.

फुकटच्या सर्व्हिसिंग संपल्या आणि पैसे देऊन करायची पहिली आली, तेव्हा गाडी चंद्रपूरच्या शोरूमला मीच घेऊन गेलो. जाण्याआधी घरी एक काम केलं. बायकोची लाल नेलपॉलिशची बाटली कोणाच्या तरी लग्नानंतर कपाटात तशीच पडून होती. ती घेऊन मी मागच्या चाकाच्या मोठ्या नटावर एक रेघ ओढली. ज्याने आयुष्यभर रेघा ओढल्या, त्याला ते सुचायला वेळ लागला नाही.

शोरूममध्ये काचेच्या आड एसी होता, पाण्याची बाटली होती, बसायला सोफा होता. गाडी आत गेली की काय होतं ते दिसू नये, एवढ्याचसाठी तो सोफा ठेवलेला असतो असं माझं मत आहे. संध्याकाळी धुतलेली, पुसलेली, चमकणारी गाडी बाहेर आली आणि तिच्यासोबत बिल आलं. ऑइल घरी आणून बदललं तर चार-पाचशेत भागतं. हे बिल दोन हजारांच्या पुढे होतं. मजुरी वेगळी, पॉलिश वेगळं, न दिसणाऱ्या कसल्याशा वस्तूंचे पैसे वेगळे. आणि त्यात लिहिलं होतं: मागचं चाक उघडून ब्रेक साफ केला, चेन ताणली.

मी खाली वाकलो. लाल रेघ सरळ होती. केसभरही तुटली नव्हती. आणि तो नट सैल केल्याशिवाय चाकही निघत नाही आणि चेनही ताणता येत नाही.

सुपरवायझर गळ्यात ओळखपत्र अडकवून आला. मी त्याला रेघ दाखवली, तिचा अर्थ सांगितला. तो शांतपणे ऐकत राहिला आणि म्हणाला, "काका, आमचा मेकॅनिक लई परफेक्ट आहे. तो जिथून खोलते, तिथीच परत टाइट करते. म्हणून तुमची रेघ जुळली."

मी म्हटलं, "अन् मधी फुटलेलं नेलपॉलिश काय त्यानं जीभ लावून चिकटवलं का?"

"काका, थोडा भरोसा ठेवा ना आमच्यावर."

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तसा तो कारभार. मी बिल भरलं, कारण गाडी त्यांच्या ताब्यात होती. पण त्या दिवशी ठरवलं की यापुढे मुलीच्या गाडीला दुसऱ्या कोणाचा हात लागणार नाही.

तेव्हापासून दर महिन्याला एका रविवारी ती घरी यायची आणि गाडी माझ्या अंगणात उभी राहायची. मी गोणपाट अंथरायचो, पाने मांडायचो, बायकोच्या जुन्या लुगड्याची फडकी काढायचो. एअर फिल्टर झटकला की त्यातून घुग्घुस आणि धानोरा दोन्ही गळायचे. ऑइल बदलायचो, मागचं चाक उघडून ब्रेक साफ करायचो, चेन ताणायचो आणि शेवटी नट आवळून लाल रेघ. मुलगी ओट्यावर पोहे खात बसायची आणि जंगलातल्या गोष्टी सांगायची. शोरूमला जे दोन हजार गेले असते ते वाचले याचा आनंद होताच, पण खरा आनंद वेगळा होता. ती संध्याकाळी निघायची तेव्हा मी म्हणायचो, "चाक झालं, बिनधास्त जा," आणि ती बिनधास्त जायची.

या दिवसांत घरात चोऱ्या सुरू झाल्या. आधी चौदाचा पाना गेला. तो न्हाणीतल्या कोनाड्यात सापडला, तिथे तो आपल्या पायाने गेला नसणार. मग ग्रीसचा डबा गेला. शेजारच्याने नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती, माझा त्याच्यावर संशय होता. मी नवा डबा आणून खाटेखाली लपवला. बायको म्हणाली, "अहो, कोण नेते तुमचं ग्रीस? लोकं काय ते भातावर घेऊन खातात का?" मी तिला म्हटलं, तू फार भोळी आहेस. ती काहीतरी बोलणार होती, पण बोलली नाही. हल्ली ती असं बरेचदा करायची आणि मला त्याचाही संशय येऊ लागला होता.

मग हा परवाचा रविवार. मुलगी सकाळी आली. मी गोणपाट अंथरून मागच्या चाकाशी बसलो, पाना लावायला नटाकडे पाहिलं आणि हात थांबला.

नटावर जांभळी रेघ होती.

माझी लाल कुठेच नव्हती. गेल्या खेपेला मी चाक उघडलं होतं, आवळलं होतं, लाल रेघ ओढली होती. म्हणजे माझ्यानंतर कोणीतरी हे चाक उघडलं, माझी रेघ पुसली आणि आपली लावली. डोक्यात सणक गेली. गडचिरोलीतही त्याच कंपनीचं शोरूम आहे. मुलगी येताजाता तिथे जात असणार, माझ्या पाठीमागे दोन-दोन हजार मोजत असणार, आणि इथे येऊन मला खेळवत असणार.

"माझ्यामागं गाडी कोणाले उघडू दिली?" मी विचारलं.

ती ओट्यावरूनच म्हणाली, "कोणालेच नाई."

"खोटं नको बोलू. शोरूमले दिली ना?"

"नाई दिली, बाबा."

"मग हे जांभळं कोणाचं होय?"

तिने पोह्यांची बशी खाली ठेवली. "माझं होय."

"कधी लावलं?"

"दोन महिन्याआधी. तुमची लाल रेघ पुसून लावलं."

आता ती माझ्या कैचीत सापडली होती. मी पाना तिच्याकडे रोखला. "दोन महिन्याआधी लावलं, तर मागच्या महिन्यात मी चाक उघडलं तवा तुटलं काऊन नाई?"

सुपरवायझरला विचारावं तशा ताठ्यात मी तो प्रश्न विचारला होता. तो माझ्याच कानावर पडला तेव्हा मला कळलं की मी काय विचारलं.

मुलगी खाली उतरून माझ्याजवळ गोणपाटावर बसली. "ब्रेक वाजूनच राह्यला होता, बाबा. तुम्ही म्हटलं साफ केला, पण मूल गाव येईपर्यंत तोच आवाज. मले वाटलं, तुमचे गुडघे दुखतात, टाळलं असन तुम्ही. म्हणून रेघ लावून पाह्यली. मागच्या वेळी मी इथीच होती. तुम्ही ऑइल बदललं, चेनवर तेल सोडलं, चाकापाशी बसून राह्यले. मंग उठले अन् म्हटलं, चाक झालं, बिनधास्त जा."

"म्हंजे मी खोटा आहो?"

"नाई." ती म्हणाली. "तुम्ही खोटं बोलले असते तर मले भेव नसतं लागलं."

मला सगळं आठवत होतं. ग्रीसचा वास, बोटांना लागलेला गारवा, ब्रेकमधून फुंकर मारून काढलेली काळी भुकटी, ती नाकात जाऊन आलेली शिंक. हे सगळं झालं होतं, यात शंका नाही. पण कोणत्या रविवारी झालं होतं? मी उठलो, आत गेलो, खाटेखालून ग्रीसचा डबा काढला. त्याच चाकासाठी आणलेला, चोराच्या भीतीने लपवलेला. झाकण फिरवलं. आतला प्लास्टिकचा पडदा दुकानातून आणला तसाच ताणलेला होता. त्याला बोटही लागलेलं नव्हतं.

बायको दारात उभी होती. तिच्याकडे पाहिलं तर तिने मान फिरवली. दोघींना माहीत होतं. दोघींनी मिळून माझ्यावर पाळत ठेवली होती, माझीच युक्ती माझ्यावर चालवली होती. मला राग आला. खूप आला. डबा भिंतीवर फेकून मारावा असं वाटलं. मग त्या रागाच्या खालून भीती वर आली, आणि ती माझ्यासाठी नव्हती. मी "बिनधास्त जा" म्हटलं आणि ही पोरगी त्या शब्दावर त्या रस्त्याने गेली. किती वेळा गेली, हे मला आता कोण सांगणार? मला तर विचारून उपयोग नाही.

"नागपूरले दाखवू," ती म्हणाली. "चांगले डॉक्टर आहेत. तपासतीन."

"तेही शोरूमच होय," मी म्हटलं. "आत नेतीन, काही न खोलता बिल देतीन."

ती हसली. डोळ्यांत पाणी होतं, पण हसली. "मंग तुमच्या डोक्यावर रेघ ओढून नेऊ."

मीही हसलो. नंतर म्हटलं, जाऊ. कोणत्या दिवशी जायचं ते तिच्या आईला सांगून ठेव.

मग आम्ही चाक उघडलं. म्हणजे तिने उघडलं, मी शेजारी बसून सांगत होतो. गंमत अशी की माझी एकही गोष्ट चुकली नाही. कोणता नट आधी, कोणता वॉशर कुठल्या बाजूला, ग्रीस किती आणि ब्रेकपासून किती लांब, चेन बोटाने दाबली तर किती हलली पाहिजे, सगळं धडाधडा येत होतं. हात विसरले नव्हते, तोंड विसरलं नव्हतं. मग विसरतं कोण, असा मला प्रश्न पडला. जो कोणी तो आहे, तो माझ्याच घरात राहतो आणि पाने न्हाणीत नेऊन ठेवतो.

नट तिने आवळला. मी पाना लावून पाहिला, पक्का होता. तिने पर्समधून जांभळी बाटली काढली. मी म्हटलं, लाल आण. लाल बाटली बायकोने आणून दिली. ती रेघ मी ओढली.

ऊन उतरल्यावर ती निघाली. हेल्मेट घातलं, गाडी सुरू केली. मी फाटक उघडलं आणि तिला म्हटलं, "थांब." खाली वाकून चाकाकडे पाहिलं. नटावर लाल रेघ होती, सरळ.

"बाबा," ती म्हणाली, "आत्ताच तर पाह्यली तुम्ही. दोनदा."

"मालूम आहे," मी म्हटलं.

मालूम नव्हतं. मी बाजूला झालो. बिनधास्त जा, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती गाडी चालू ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तीच म्हणाली, "बाबा, चाक झालं. मी पाह्यलं आहे."