शून्य होऊ नये म्हणून

माझ्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट अर्धं बधिर आहे. दिसायला धडधाकट. पण एका बाजूनं त्याला गरम, गार, टोचलेलं, काहीच कळत नाही.

वाळूजला पत्र्याचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी तपासणीला होतो. प्रेसमधून निघालेल्या पार्टच्या कडेला कधीकधी बारीक धार राहते. ती डोळ्याला दिसत नाही, बोट फिरवलं की कळते. हातमोजा घालायचा नियम होता, पण मोज्यातून काय डोंबल कळणार? मी उघडं बोट फिरवायचो. माझ्या हाताखालून गेलेला पार्ट कधी परत आला नव्हता, याची मला लई घमेंड होती. खोटं कशाला सांगू.

गेटच्या आत एक फलक आहे, 'विना अपघात दिवस'. रोज सकाळी त्यावरचा आकडा एकानं वाढतो. तेव्हा तो हजाराला टेकत आला होता. हजार झाले की सगळ्यांना जेवण आणि प्रत्येकाला एक कुकर, असं साहेबांनी जाहीर केलेलं. कुणाला लागलं आणि दवाखान्यात नोंद झाली की आकडा शून्यावर. कॅन्टीनमध्ये तेवढाच विषय. "मरायचं असलं तरी सुट्टीच्या दिवशी मरा रे बाबांनो," असं लोक हसत म्हणायचे. मीही म्हणायचो.

चौदा दिवस राहिले असताना पत्र्याच्या कडेनं माझं बोट कापलं. चीर लहान होती, पण आत गेली होती. रक्त आलं, थांबलं. शेजारच्या मशीनवरचा म्हणाला, "दाखवून ये की." मी म्हणालो, "ह्यॅ, काय झालंय त्याला?" रुमालाची चिंधी गुंडाळली आणि वरून मोजा चढवला. इतक्या वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा मी नियमानं मोजा घातला.

बजाजनगरला घरी आल्यावर बायकोनं विचारलं. गाडीच्या चेनमध्ये लागलं म्हणून सांगितलं. तिनं हळद दाबली आणि म्हणाली, "टाके लागतील, चला दवाखान्यात." मी तिच्यावरच खेकसलो. आठवड्यात जखम भरली. बोटाला मुंग्या यायच्या, पुढं त्याही थांबल्या. थांबल्या म्हणून मला बरं वाटलं.

हजार दिवस झाले. फोटो निघाले, जेवण झालं, कुकर घरी आला.

मग माझ्या हाताखालचे पार्ट परत यायला लागले. एक, मग चार, मग पेटीच्या पेटी. साहेब ओरडले नाहीत. "डोळे तपासून घ्या," म्हणाले आणि मला पॅकिंगला टाकलं.

तेव्हा कुठं मी गारखेड्याला डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी सुई टोचत टोचत कुठं कळतंय ते विचारलं. मग म्हणाले, "आतली नस तुटलीय. तेव्हाच आला असता तर जोडता आली असती. आता इतक्या महिन्यांनी खात्री देता येत नाही." मी "बरं" म्हणालो. बाहेर आल्यावर रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. स्वतःचा राग तेवढा आला, तोही रिक्षा बजाजनगरला पोचेपर्यंतच. कुकरसाठी मी गप्प बसलो नव्हतो. माझ्यामुळं शून्य झालं असं कुणी म्हणू नये, एवढंच होतं. फलकावरचा आकडा आजही वाढतोय. माझं बोट कापलं तो दिवसही त्यात धरलेला आहे.

माझी मुलगी चौथीत आहे. रोज संध्याकाळी ती माझी परीक्षा घेते. मी डोळे मिटायचे, तिनं बोटाला पेनाचं टोपण लावायचं आणि कळलं की मी सांगायचं. बोट बरं होणार, असं तिनं ठरवूनच टाकलंय.

परवा तिनं विचारलं, "आता?"

"व्हय, कळलं थोडं."

"आणि आता?"

"व्हय, आता जास्त कळलं."

मी डोळे उघडले. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

"पप्पा," ती म्हणाली, "मी अजून लावलंच नाही."