लांडगाछाप पावडर

सुलतानपूरच्या एका निर्व्यसनी, सरळमार्गी मुलावर मी भर बैठकीत परस्त्रीचा आळ घेतला, आणि शोधाअंती ती परस्त्री मी निघालो.

आता पहिल्यापासून सांगतो. (म्हणजे माझी बाजू तरी नीट मांडता येईल. तशी बाजू काही नाही, पण मांडायला काय जातं?)

आमच्या घराण्यात मुलगी द्यायची म्हटलं की मुलाची शेती बघतात, घर बघतात आणि मग मुलाला हुंगतात. हो, हुंगतात! मुलीकडचा एक जाणता माणूस पुढे होतो, "या जवाईबापू" म्हणत मुलाला छातीशी धरतो, पाठ थोपटतो आणि तेवढ्यात त्याच्या तोंडाचा, कपड्यांचा वास घेऊन टाकतो. दारू, बिडी, खर्रा, जे काय असेल ते तिथल्या तिथे समजतं. मुलाला वाटतं, केवढी ही माया! याला आमच्याकडे गळाभेट म्हणतात आणि हे खातं बरीच वर्षं माझ्याकडे आहे.

ते माझ्याकडे आलं कसं, तर एका चुलत बहिणीच्या स्थळाच्या वेळी गळाभेट घेऊन मी ठणकावून सांगितलं, "पोट्टा पेते!" चौकशी केली, तर खरंच पीत होता. तेव्हापासून "प्रभाकरचं नाक म्हंजे नाक!" असा माझा लौकिक झाला. वास्तविक पाठ थोपटता थोपटता माझ्या हाताला त्याच्या मागच्या खिशातली बाटली लागली होती. पण एवढा चांगला लौकिक होत असताना आपण मध्ये कशाला बोला?

खरं सांगायचं तर माझ्या नाकात काही राम नाही. नांदुऱ्याला माझं कृषी केंद्र आहे. दिवसभर कीटकनाशकांच्या डब्यांत बसून त्या नाकानं केव्हाच सेवानिवृत्ती घेतली आहे. संध्याकाळी घरी आलो की बायको, निर्मला, दारातूनच म्हणायची, "आले का फवारणीचे पंप?" शेवटी एकदा वैतागून म्हणाली, "अंगाले काही तरी लावत जा हो. शेजारच्या कोंबड्या तुमाले पाहून घरात जातात!"

म्हणून पावडर आणायला मी जनरल स्टोअर्समध्ये गेलो. तिथे एक भिंत गुलाबी आणि एक भिंत काळी. गुलाबी भिंतीवर फुलं, फुलपाखरं, दवाचे थेंब, आणि प्रत्येक डब्यावर एक बाई डोळे मिटून स्वतःचाच गाल स्वतःच्याच खांद्यावर घासत बसलेली. काळ्या भिंतीवर वीज, साखळदंड, धूर, सुसाट सुटलेलं चाक. क्षणभर वाटलं, इथे आंघोळीचं सामान नाही, ट्रॅक्टरचे सुटे भाग मिळतात. बाईनं आंघोळ करायची ती फूल व्हायला, आणि पुरुषानं करायची ती सीमेवर जायला!

"पावडर द्या एक," मी म्हणालो.

"कोनासाठी? तुमच्यासाठी का वहिनीसाठी?"

"पावडरले काय मालूम कोनाच्या अंगावर पडली थे?"

(हे माझ्या आयुष्यातलं एकमेव शहाणं वाक्य. मी तिथेच थांबायला हवं होतं.)

"असं नसते भाऊ!" दुकानदार दुखावला. त्यानं काळा डबा काढला. "हे पाहा. झुंजार मेन. याच्यावर लांडगा हाये."

"लांडगा काऊन?"

"मर्दानी वास!"

"लांडग्यासारखा वास येते का याले?"

"नाई हो! लांडगा फक्त समजायसाठी."

तेवढ्यात दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं आली. गुलाबी डब्याकडे निघालेला माझा हात मी असा मागे घेतला, जसा काही तो हात माझा नव्हताच. छाती पुढे काढून म्हणालो, "द्या लांडगा."

झुंजार पहिल्यांदा लावली तेव्हा काखेत कुणी बर्फ आणि मिरची एकदमच ठेवल्यासारखं झालं. डोळ्यांतून पाणी. निर्मला तर शिंकून शिंकून भिंतीला टेकली.

"वास हाये का दवाखाना?"

"पुरुषाचा वास असाच असते," मी डोळे पुसत म्हणालो. "तुमचं थे फुलाफुलाचं नोको आमाले. मळमळते."

फुलाफुलाचं म्हणजे तिचा 'कुसुमिता'चा गुलाबी डबा. फळीवर तो माझ्या डब्याला टेकला तरी मी हातभर लांब सरकवायचो. न जाणो, लांडगा बिघडला तर!

पण पुरुषानं चिकाटी सोडू नये. दिवाळीच्या आसपास चमत्कार झाला. झुंजार झोंबायची थांबली! वास मऊ, गार, मनाला बरं वाटेल असा झाला. मी निर्मलाला म्हणालो, "पाह्यलं? मुरला वास अंगात. याले म्हनतात मर्दानगी!" ती पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, भारावली. त्यानंतर मी झुंजार सढळ हातानं लावू लागलो. दुकानात येणाऱ्या शेतकऱ्यांनाही मान पुढे करून सांगायचो, "घ्या वास! बाईमानसाले झेपनार नाई असा हाये."

तर अशा मुरलेल्या अवस्थेत, ऐन मे महिन्यात, माझ्या भाचीच्या लग्नाची गोष्ट निघाली. प्रीती, माझ्या बहिणीची, शोभाची मुलगी. मुलगा विवेक, सुलतानपूरचा. भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी चालवतो. दोन्ही घरची माणसं शेगावला दर्शनाला गेली तेव्हा तिथेच बघण्याचा कार्यक्रम उरकला होता, आणि तेव्हापासून दोघं फोनवर इतकं बोलत होते की बैठकीत ठरवायला काही उरलंच नव्हतं. फक्त शोभाबरोबर मी आणि निर्मलानं मुलाकडे जाऊन होकार द्यायचा होता.

निघताना प्रीतीनं मला गाडीपाशी गाठलं. डोळे भरलेले.

"मामा, मले विवेकच पाह्यजे. तुमी गळाभेट घ्या, पोहे खा आन या. नाकाची हुशारी नोको."

"वेडे! मामा कशाले हाये मंग?"

"त्याचाच तर धाक हाये," ती म्हणाली.

रस्त्यात उकाडा असा की गाडीतला एसीच घामाघूम. मेहकरला चहा झाला आणि एक हात पावडर झाली. सुलतानपूरच्या फाट्यावर आणखी एक. डबा मी पिशवीतच ठेवला होता. उतरलो तेव्हा माझी मान नुकता चुना दिलेल्या भिंतीसारखी दिसत होती.

विवेक दारातच उभा. नवा निळा शर्ट. मी "या जवाईबापू!" म्हणून जी मिठी मारली ती सोडीचना! (लौकिकाला साजेशी नको?) मान मानेला लावली, खांदा खांद्याला घासला, चांगला खोल श्वास घेतला. नाकाला नेहमीप्रमाणे काहीच समजलं नाही. मी वळून शोभाकडे पाहिलं आणि डोळे मिचकावले. पास!

पोहे झाले, चहा झाला. विवेक आत-बाहेर करत सगळ्यांना हवं-नको बघत होता. मग शोभा त्याला टिळा लावायला उठली. वाकली आणि तशीच थांबली. टिळा लावून ती थेट माझ्यापाशी आली, चेहरा पांढरा.

"दादा," ती कुजबुजली, "पोराच्या खांद्यावर पावडर हाये. बायकांची. फुलाचा वास येऊन राह्यला!"

"काय म्हनतं?"

"तूनं घेतली ना गळाभेट? मंग तुले कसं नाई समजलं?"

इथे प्रश्न प्रीतीच्या संसाराचा होता, पण मला दिसला तो माझ्या नाकाचा. मी उठलो आणि विवेकला म्हणालो, "बापू, पुन्हा एकदा या बरं जवळ." या वेळी त्याच्या कॉलरीत नाकच खुपसलं. (काय शोधायचं ते आधी सांगितलं, की माझं नाक सेवेत परत येतं.) आणि खरंच! गोड, गुलाबी, लाजरा वास. फुलपाखरं, दव, सगळं होतं त्यात!

आता मी पहिल्यांदा चुकलो असं कबूल करणं शक्य नव्हतं. त्यामुळे एकच अर्थ निघत होता, आणि तो मी भर बैठकीत काढला.

"मी आलो तवा हा वास नव्हता," मी आवाज चढवून म्हणालो. "आता हाये. म्हंजे मधल्या वेळात हा पोट्टा कोन्या तरी बाईले भेटून आला. आन थे बाई याच घरात हाये!"

विवेकचे वडील ताडकन उठले. विवेक बिचारा "मी... मी फक्त पानी आनायला..." एवढंच म्हणत राहिला. तेवढ्यात आतून त्याची आत्या बाहेर आली. कावेरीआत्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, आवाज मोटारपंपासारखा.

"काय म्हनायलेत पाव्हणे?"

"तुमच्या घरात एक बाई दडली हाये."

"आमच्या घरात दोन बाया. मी आन याची माय. दोघीबी चुलीपाशी. कांद्याचा वास येईल आमचा, फुलाचा न्हाई. मंग शोधा की तिसरी!"

"शोधतोच!"

निर्मलानं मागून माझी बाही ओढली. "अहो, जरा बाहेर या."

"मधात बोलू नोको. तपास सुरू हाये."

"अहो, आयका तरी..."

"निर्मला!"

मी आत शिरलो. स्वयंपाकघरात हुंगलं, तर फोडणीच्या आडून तोच वास! देवघरापाशी गेलो, तिथेही तोच! न्हाणीघर, धान्याची खोली, कपाटामागे, जिथे जाईन तिथे ती बाई नुकतीच येऊन गेलेली! मागच्या अंगणात वांग्याच्या रोपांपाशी पोचलो, तर वासही बरोबर पोचला. माझ्यामागे शोभा, तिच्यामागे विवेकचे वडील, त्यांच्यामागे आत्या, अशी वरातच निघाली होती.

"लई चपळ बाई हाये!" मी धापा टाकत म्हणालो. "आपल्या एक पाऊल पुढंच पळून राह्यली!"

आत्या नुसती माझ्याभोवती एक चक्कर मारून आली. मग माझ्या मानेपाशी वाकली, हुंगली, आणि घराकडे तोंड करून ओरडली, "वैनी! सापडली वं बाई!"

"कुठं?" मी दचकून मागे पाहिलं.

"मागं काय बघता? तुम्हीच की!"

आता मात्र माझ्या पुरुषत्वावर आलं. मी तरातरा बैठकीत जाऊन पिशवीतून डबा काढला आणि सगळ्यांसमोर धरला. "हे पाहा! झुंजार! मेन! लांडगा दिसते का लांडगा? हा बाईचा वास होऊच शकत नाई!" आणि पुराव्यादाखल आत्याच्या हातावर भुरभुरवली.

आत्यानं वास घेतला. शोभानं घेतला. विवेकच्या वडिलांनी घेतला. शेवटी मी घेतला. गुलाब. दव. फुलपाखरं. गंमत म्हणजे त्याही क्षणी, डब्याकडे बघून हुंगलं की वास मर्दानी यायचा, आणि डोळे मिटून हुंगलं की ती गाल घासणारी बाई दिसायची!

सगळ्यांनी निर्मलाकडे पाहिलं.

"म्याच भरली," ती खाली बघत म्हणाली. "दिवाळीपासून. माही कुसुमिता. त्यायची थे झुंजार म्या मुंग्यायवर टाकली, तर मुंग्या घर सोडून गेल्या. म्हटलं, आता माहा नंबर."

"आन मी मुरली म्हनत होतो तवा काऊन नाई बोलली?" मी विचारलं.

"खुश होते ना तुमी!"

कुणी हसलं नाही. विवेकचे वडील दारापाशी पाठ करून उभे होते. शोभा रडकुंडीला आली होती. मी हात जोडले. प्रीतीचे गाडीपाशी भरलेले डोळे दिसायला लागले. विवेक मोबाईल घेऊन अंगणात निघून गेला होता. म्हटलं, झालं! पोरानं नकार कळवला. माझ्या पावडरीनं पोरीचं लग्न खाल्लं.

तो आत आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मान खाली घातली. आणि मग लक्षात आलं, पोरगा हसू आवरता आवरता रडत होता.

"बाबा, प्रीती फोनवर हाये," तो म्हणाला. "इचारायलीय, मामा आटकेत हायेत का जामीन भेटला?"

पहिली फुटली ती आत्या. मग विवेकची आई, मग शोभा, आणि शेवटी पाठ करून उभ्या असलेल्या वडिलांचे खांदे हलायला लागले. विवेक माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "मामा, मनाला लावून घेऊ नका. मीबी आईच्याच साबणानं आंघोळ करतो. माझ्या साबणावर चित्ता हाय, पन अंग लई झोंबतं." या वेळी मी त्याला जी मिठी मारली ती खरी गळाभेट. वास घ्यायचं लक्षातच राहिलं नाही.

लग्न झालं. थाटात झालं. आमच्या रीतीप्रमाणे मुलीचा मामा म्हणून मी प्रीतीच्या पाठीशी उभा होतो, नवा फेटा बांधून, उकाड्यामुळे मानेवर पावडर लावून. (कोणती ते विचारू नका. झुंजार आता घरात मुंग्यांसाठीच येते.) मंगलाष्टकं संपत आली, अंतरपाट दूर व्हायची वेळ झाली. विवेक हार घेऊन सज्ज. तेवढ्यात त्याच्यामागून कावेरीआत्याचा आवाज साऱ्या मांडवाला ऐकू गेला:

"विवेक, डोळे उघडे ठेवून हार घाल रे बापू! नुसता वासावर गेलास, तर मामाच्या गळ्यात पडशील!"