टाकीतलं आगळ

कुठल्याही गाडीचा नुसता आवाज ऐकून मी तिचा आजार सांगायचो. माझी स्वतःची गाडी मात्र रोज बंद पडायची, आणि बंद पडलेल्या गाडीला आवाज कुठला.

ऐंशीनंतरची दोन-तीन वर्षं झाली असतील. राहायचो दहिसरच्या चाळीत, मरोळला एका कारखान्यात फर्निचरला पॉलिश मारायचो. मोटारसायकल घेतली ती कितव्या मालकाकडून, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. टाकीत नुसता गंज. तो पेट्रोलबरोबर खाली यायचा, नळी तुंबायची, आणि मागे बसलेली बायको मालाडला उतरून बस पकडायची. शेवटी ती म्हणाली, "रविवारी दहाला मुलुंडला माझ्या भावाचा साखरपुडा आहे. नवी साडी नेसून मागे बसणार. वाटेत एकदा जरी उतरावं लागलं ना, तर सोमवारी गाडी भंगारात."

संध्याकाळी ती आमसुलाने तांब्या घासत होती. दोन मिनिटांत तांब्या लखलखला. आमचं डोकं लगेच चाललं. सासूबाईंनी गावावरून आणलेलं सोलकढीचं आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस, होतं, चार बाटल्या. सगळं टाकीत ओतलं, वर मूठभर खडी टाकली, टाकी गोधडीत गुंडाळली आणि ओट्यावर बसून मांडीवर हलवत बसलो.

समोरची कोळीण टोपली घेऊन जाताना थांबली. "पोरगा हाय का पोरगी?"

"पोरगी."

"आवाज बापावर गेलाय."

तेवढ्यात आतून बायको, "अहो, आगळाला असला वास कसला मारतोय?"

टाकीतलं पेट्रोल मी आधी डब्यात काढलं होतं, आणि मग आगळाच्या रिकाम्या झालेल्या बाटल्यांत भरून ठेवलं होतं. रंग जवळपास तोच. नारळाच्या रसात पडायला दोन बोटं बाकी होती. त्या दिवशी मी ओट्यावरच जेवलो, कढीशिवाय.

दुसऱ्या दिवशी टाकी उपडी केली. काळं पाणी आलं, खडी आली, आत पत्रा चकचकीत. सोड्याच्या पाण्याने धुतली, उन्हात वाळवली, आत डोकावलो, तर तळाला तीन ठिकाणी ऊन दिसलं. गंजानेच टाकी धरून ठेवली होती, आणि मी शहाण्याने तो काढला.

इथे मात्र धंदा कामाला आला. एकदा कारखान्यात पॉलिश केलेल्या टेबलावर माझ्या हातून पेट्रोल सांडलं होतं. शिव्या खाल्ल्या, पण टेबलाला डाग नाही. पॉलिशमधली लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पेट्रोलला ती दाद देत नाही. मग लाखेत खडूची पूड कालवून भोकं बुजवली. आत दाट पॉलिश ओतलं, टाकी चारी बाजूंनी फिरवली, उरलेलं काढलं, वाळवलं. असे तीन हात दिले, शिसवी कपाटाला देतो तसे. पेट्रोल भरून खाली पेपर अंथरला. दिवसभर पेपर कोरडा.

रविवारी निघालो. मालाड आलं तशी बायकोने सवयीने पदर खोचला, उतरायच्या तयारीत. गाडी थांबलीच नाही. आरेचा चढ चढली, पवई मागे टाकली, आणि दहाच्या ठोक्याला मुलुंडला दारात. इंजिन मी मुद्दाम चालूच ठेवलं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

"बंद करा आता," बायको म्हणाली. लग्नानंतर हे तिला पहिल्यांदाच सांगावं लागलं.

सासूबाई बाहेर आल्या. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"साखरपुडो बाराक आसा. तुमका धाचो सांगितलेलो, गाडी बंद पडतली म्हणान. आता इलासच तर खुर्च्यो मांडा."