मावसाजींची बुटकी गाडी

सबंध भिलाईत माझ्या मावसाजींइतका भित्रा माणूस दुसरा नव्हता, आणि सबंध भिलाईत शर्यतीची गाडी होती तीही एकट्या मावसाजींकडेच. मावसाजी म्हणजे माझ्या थोरल्या मावशीचे यजमान. ते तिथल्या पोलाद कारखान्याच्या सुरक्षा विभागात होते. कोण कुठे घसरला, कोणाच्या डोक्यावर काय पडलं, याची चौकशी करण्यात त्यांचा दिवस जाई आणि त्यामुळे माणसाला इजा होण्याचे जेवढे म्हणून मार्ग आहेत ते त्यांना तोंडपाठ झाले होते. इतरांना खोलीत पंखा दिसे, मावसाजींना हुकातून सुटून खाली येणारा पंखा दिसे. म्हणून त्यांचा पलंग पंख्यापासून लांब, भिंतीला चिकटलेला असे आणि ऐन मे महिन्यात ते घामानं थबथबून, पण निर्धास्त झोपत. कॉलेजसाठी मी वर्ध्याहून त्यांच्याकडे सेक्टर पाचच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला घर दाखवलं ते असं: "इथं पाय घसरते, इथं डोकं लागते, अन् या बटनाले ओला हात लावला त तुह्या मायले मी काय सांगू?"

सगळ्यांसारखी त्यांच्याकडेही स्कूटर होती. एकदा सिविक सेंटरच्या वळणावर ती वाळूवरून घसरली आणि मावसाजी आडवे झाले. खरचटलं फक्त कोपराला, पण धसका असा बसला की स्कूटरकडे ते पुन्हा फिरकले नाहीत. बस त्यांना चालेना, कारण बसचं दार उघडंच असतं. सायकल म्हणजे तर त्यांच्या मते बिनइंजिनाची स्कूटर. बरेच दिवस ते पायी जात राहिले आणि मग एका रविवारी सगळी गल्ली बाहेर आली, इतका आवाज करत एक गाडी आमच्या फाटकाशी थांबली. कुण्या जुन्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं पडून असलेली ती विलायती गाडी होती. दोनच सीटा, लांबलचक नाक, कापडी छत, एके काळी लाल असावा असा रंग, आणि उंचीला इतकी कमी की रस्त्यावरची कुत्री आत बसलेल्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवत.

मावशी पदराला हात पुसत दारात आली. "अहो, हे काय आणून राहिले तुमी? याच्यात त पोट्टे शर्यत लावतात."

"तू नीट पाहा," मावसाजी आत बसूनच म्हणाले. त्यांनी हात बाहेर काढून तळवा रस्त्याला टेकवून दाखवला. "इथून पडलो त कितीक पडीन? जमीन इथंच हाय."

त्या दिवसापासून मावसाजी शर्यतीच्या गाडीतून ड्युटीवर जाऊ लागले. आधी चारी चाकं दाबून पाहायची, मग खाली मांजर बसलं नाही ना ते वाकून पाहायचं, मग कारखान्यातलं पिवळं हेल्मेट डोक्यावर घालून बसायचं. गाडीचा वेग सायकलीपेक्षा जास्त त्यांनी होऊ दिला नाही. भोंगा झाला की कारखान्याकडे सायकलींचा लोंढा निघे. त्यातले ओळखीचे लोक पॅडल मारणं थांबवून गाडीच्या दारावर हात टेकत आणि तसेच ओढले जात गेटपर्यंत गप्पा मारत. हॉर्न मावसाजी वाजवत नसत. कोणी दचकून पडला तर, ही चिंता. बाजारातून येताना मावशी मांडीवर पिशवी घेऊन बसे आणि घर येईपर्यंत मटार सोलून मोकळी होई. शेजारणींना ती सांगे, "बाकी काही नाही, माही भाजी निवडून होते."

हसत होतो आम्ही सगळे. पण त्यांच्याबरोबर राहून ती काळजी मलाही थोडी चिकटली होती. त्यांना यायला जरा उशीर झाला की मी फाटकाशी जाऊन उभा राही.

हिवाळ्यातल्या एका रविवारी दुपारी मावशी मागच्या बागेत वांगी तोडत होती. तिची हाक आली म्हणून आम्ही धावलो, तर ती खाली बसलेली. पावलावर दोन ठिपके, त्यातून रक्त येत होतं आणि कुंपणाच्या मेंदीत काहीतरी लांबट सरपटत गेलं. "साप होता," ती म्हणाली. मी मावसाजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आता हेच कोसळतात की काय, असं मला वाटलं.

"बस," ते एवढंच म्हणाले.

मावशी त्यांच्या शेजारी बसली, आणि सीटांच्या मागे छत दुमडून ठेवायच्या फटीत मी कसाबसा कोंबला गेलो. त्यांनी चाकं दाबली नाहीत, खाली वाकून पाहिलं नाही, हेल्मेट खुंटीवरच राहिलं. गाडीनं एक हिसका दिला आणि सेक्टरची घरं मागे पळू लागली. पाळी बदलायची वेळ होती, रस्ताभर सायकली होत्या. मावसाजींनी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. माणसं दोन्ही बाजूंना फाकत गेली. कोणीतरी "अरे, साहब को क्या हो गया" म्हणाल्याचं कानावरून गेलं. मावशीचा पदर उडून माझ्या तोंडावर येत होता. तिचा चेहरा दिसेना, म्हणून मला जास्तच धडकी भरली.

"मावशी, झोपू नको," मी ओरडत होतो.

"या आवाजात कोण झोपन, बावा," ती म्हणाली. आवाज खणखणीत होता, तरी मी ओरडतच राहिलो.

दवाखान्यात तिला आत नेलं. मावसाजी बाहेर बाकावर बसले. स्टीअरिंग धरल्यासारख्या दोन्ही मुठी समोर तशाच आवळलेल्या. मी त्या उघडायला गेलो तर उघडेनात. संध्याकाळपर्यंत तिला नजरेखाली ठेवून डॉक्टर म्हणाले की विषाचं काही लक्षण नाही, साप बिनविषारी असणार. मावसाजींनी ते त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं. मग आम्ही घरी आलो, इतके हळू की एक म्हातारे गृहस्थ पायी आमच्या पुढे निघून गेले.

त्यानंतर मावशीला एक खोड लागली. एखाद्या रविवारी चहा झाला की ती म्हणे, "एकदा तशीच चालवा ना. कुठं जायाचं नाही, असंच."

"पाहू," मावसाजी म्हणत आणि चाकं दाबायला उठत. ते पाहणं कधी झालं नाही.

पुढे गाडीचे सुटे भाग मिळेनासे झाले. मावसाजी निवृत्त झाले, वर्ध्याला जायचं ठरलं आणि रायपूरच्या एका हौशी माणसानं गाडी ट्रकवर चढवून नेली. सामान बांधायला मी रजा घेऊन आलो होतो. आम्ही तिघं फाटकाशी उभे होतो.

मावशी माझ्याकडे न पाहता म्हणाली, "त्या दिवशी मले वाटलं, आता काही मी वाचत नाही. तरी बी मनात येऊन राहिलं होतं, का दवाखाना आनखी जरा दूर असता त बरं झालं असतं."

मावसाजी चष्मा पुसत होते. पुसून झाला तरी त्यांनी तो डोळ्यांवर चढवला नाही.

"मले बी," ते म्हणाले.

ट्रक कोपऱ्यावरून वळला. धूळ खाली बसेपर्यंत दोघं तिथंच उभी होती.