सोनाजीच्या बोटांना झेपलेली तार

सोनाजी गेल्याची बातमी मला वाशिमला जिनिंगच्या आवारात कळली. त्याचा पुतण्या कापसाची गाडी घेऊन आला होता. गाडीवरूनच म्हणाला, "काका गेले... सकाळी." मी रडलो नाही. आमच्या वयात असल्या बातम्यांची थोडी सवय झालेली असते.

अनसिंगच्या मारुतीच्या देवळात दर गुरुवारी आमचं भजन. गणपतबुवा गात, सोनाजी सतार वाजवी, मृदंग माझ्याकडे. शेतकऱ्याच्या हाती सतार पाहून पाहुणे हसत, पण तरुणपणी कारंज्याच्या एका उस्तादाच्या घरी राहून तो नीट शिकला होता. कापूस वेचणीत बोंडांच्या टोकांनी बोटं सोलली, तरी गुरुवार चुकवत नसे. साठीनंतर मात्र बोटांवरचे घट्टे गेले, सांधे सुजू लागले. त्यात बुवांची पट्टी चढी, साऱ्या गावाला तिचा अभिमान. तेवढ्या ताणलेल्या तारेवर बोट दाबताना सोनाजीचा चेहरा पाहवत नसे. त्यानं अकोल्याहून बारीक पोलादी तार आणवली. ती सहज दबे, पण ओढली की बोटात रुते. "हे तार नाही, वस्तरा होय," म्हणाला. मग पितळी लावली. ती मऊ, बोटांना सुखाची, पण फार ताण सोसत नाही. हे त्याला ठाऊक होतं, तरी हट्टानं बुवांच्या सुराला चढवली. भर भजनात तुटून ती त्याच्या गालावर बसली.

त्यानं सतारीला गवसणी घातली ती घातलीच. मी म्हणालो, "बुवाले सांग ना, सूर खाली घ्या म्हणून." तर माझ्यावरच उखडला, "कायले? जिनगानीभर गायले ते त्या सुरात. माह्या बोटापाई त्यायले उतरवू?" पुढचे काही गुरुवार सतारीवाचून गेले. शेवटी त्याची बायकोच वैतागली. माझ्यादेखत म्हणाली, "घरात बसून माह्या भाजीतलं मीठ मोजून राह्यले दिवसभर. एक डाव बुवाले इचारून तं पाहा!"

त्या गुरुवारी तो आला, पितळी तार लावूनच. सगळ्यांसमोर म्हणाला, "बुवा, बोटं ऐकत नाही. खालच्या सुरात गासान का? नाही म्हनसान तं वापस जातो." बुवांना पट्टीवरून बोललेलं खपत नसे. ते सोनाजीच्या बोटांकडे पाहत राहिले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाबाराव, मृदंग उतरव." सूर खाली यावा म्हणून मी मृदंगाचे लाकडी गट्टे सैल केले. त्या दिवशी अभंगातली उंच सुरात जाणारी ओळ बुवांनी स्वतः घेतली. ती त्यांनी बऱ्याच दिवसांपासून टाळकऱ्यांवर सोडलेली होती... आमच्या कुणाच्या ते ध्यानात आलं नव्हतं. प्रसाद वाटताना सोनाजीला एवढंच म्हणाले, "हेच तार ठेव." मला फार बरं वाटलं. त्यानंतर सोनाजी शेवटपर्यंत वाजवत राहिला.

तो गेल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी त्याच्या जागी कुणी बसलं नाही. टाळकऱ्यांतला एक जण म्हणाला, आता सतार नाही, जुनी पट्टी घ्यायला हरकत नाही. मलाही ते पटलं. मी गट्टे ठोकून सूर चढवायला हातोडी काढली. बुवा डोळे मिटून बसले होते. तसेच म्हणाले, "राहू दे. सोनाजीचे बोटं दुखतीन."

हातोडी पिशवीत परत ठेवताना मला रडू आलं.