सदतीस घरांचा एक नंबर

सोमवार, डिसेंबरचा पहिला आठवडा, दुपारी दोन. धडगावच्या वरच्या अंगाला, आमच्या शाळेच्या ओट्यावर हजर: पाड्यातल्या वेस्तादादांची बायको सायकीबाई, पाड्याचे कारभारी, आणखी दहा बाया आणि मी, शाळेतली बाई. वेस्तादादांना जाऊन बारा दिवस झाले होते. मी माहेरी धानोऱ्याला होते. परत येताना तळोद्याला जीपवाल्याने सांगितलं, "बाई, तुमना वेस्तादादा गया. छातीमा दुखनं. झोळीमा टाकीसन आनं, पन गाडीलगून बी नही पोचना."

माझी आणि वेस्तादादांची खरी ओळख टाळेबंदीतली. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली माणसं पायी परतली होती, घरात दाणा नव्हता. सरकारने आदिवासी कुटुंबांना खावटी जाहीर केली: थोडा किराणा, थोडे पैसे खात्यावर. अर्ज भरायचं काम शिक्षकांवर आलं. मोबाईल नंबर कोरा ठेवला की अर्ज पुढे सरकत नव्हता, आणि पाड्यात फोन एकच, वेस्तादादांचा. मी तोच नंबर सदतीस वेळा लिहिला. दोन दिवसांत काम उरकलं म्हणून स्वतःवर खूशही झाले.

"बाई, कागदावर मी सदतीस बायांचा नवरा झालो," वेस्तादादा म्हणाले.

"मग भाकरी त्याच टाकतील. मी सुटले," सायकीबाई चुलीपासून उठल्यासुद्धा नाहीत.

रेंज फक्त टेकडीवर. वेस्तादादांना अक्षर येत नव्हतं, आकडे येत. प्रत्येक खात्याचे शेवटचे चार आकडे त्यांनी पाठ केले होते. बैल सोडले की ते वर चढायचे आणि पैसे आले त्या घराच्या नावाने तिथूनच आरोळी द्यायचे. सगळ्यांचे आले, एकट्या राहणाऱ्या बिजलीआजीचे येईनात. ती रोज उंबऱ्यावर बसून टेकडीकडे कान लावायची. वेस्तादादा तिच्या एकटीसाठी पावसाळाभर चढले. मेसेज आला तेव्हा आजीला जाऊन आठवडा झाला होता. त्या दिवशी त्यांनी आरोळी दिली नाही. खाली येऊन फोन माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "बाई, हे परत पाठवता येतं का?"

नंतरच्या प्रत्येक योजनेत तोच नंबर चालत राहिला. यंदा अवकाळीने ज्वारी आडवी झाली. भरपाईसाठी त्या नंबरवर येणारा ओटीपीचा आकडा सांगावा लागतो, म्हणून त्या सोमवारी मी सगळ्यांना बोलावलं आणि फोन मागितला.

कारभारी म्हणाले, "त्याच्यासोबत दिला, बाई. कोयता दिला, बासरी दिली, फोन दिला. त्याचाच होता ना."

चितेवर माणसाची रोजची वस्तू ठेवायची, ही त्यांची रीत. त्यात त्यांचं काय चुकलं? चुकले होते मी, पाच वर्षांपूर्वी, दोन दिवसांत.

आता नंबर बदलायला प्रत्येकीने धडगावला स्वतः जायचं आहे. पंचवीस घरं ऊसतोडीला गेली आहेत, होळीशिवाय येणार नाहीत. इथे असलेल्या अकरा जणींचे अर्ज मी त्याच दिवशी लिहिले, अंगठे घेतले. नवा नंबर कोणाचा, असं विचारलं तर सगळ्या एकदम म्हणाल्या, "तुमचा टाका, बाई." सायकीबाई तेवढ्या म्हणाल्या, "बाईंची बदली झाली तर?"

बदलीच्या यादीत माझं नाव आहे. अकरा अर्ज माझ्या टेबलावर आहेत. नंबर अजून लिहिलेला नाही.