आर्विल कोम्ब्सच्या चार ओळी

आमच्या खोऱ्यात कुणी गेलं की दोन गोष्टी ठरलेल्या. शेजारणींचे केक आणि लोवेला स्टॅम्परच्या चार ओळी. केक त्याच दिवशी पोचायचे, ओळी गुरुवारच्या पेपरात यायच्या. लोवेला शाळेच्या स्वयंपाकघरात मक्याचे पाव भाजायची आणि पहाटे घरच्या टेबलाशी बसून लिहायची. पुढे तिची पुस्तकं निघाली, शहरातले प्रोफेसर आमच्या चिखलात गाड्या रुतवून तिला भेटायला येऊ लागले. ती त्यांना घेवडा-पाव वाढायची आणि वाटेला लावायची. आमच्या लेखी मात्र ती गेलेल्या माणसांची कवयित्री. मी तिसरी शिकलेला माणूस, पण तिच्या ओळी मलाही पाठ!

तर एका वर्षी एका मोठ्या मासिकात तिची गोष्ट आली. त्यात खेचरांचा एक व्यापारी. डावा कान अर्धाच, आणि शिव्या देण्याआधी टोपी काढून ठेवायची खोड. शेवटी गडी खेचरावरून ओढ्यात पडतो आणि मरतो. आता असला माणूस अख्ख्या केंटकीत एकच, आमचा आर्विल कोम्ब्स!

त्याची बहीण नॉर्मा नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी ओहायोत राहायची. तिनं गोष्ट वाचली, वर लोवेलाचं नाव पाहिलं, आणि घरात रडारड सुरू. लोवेलानं लिहिलंय म्हणजे माणूस गेलाच की! आर्विलकडे फोन नव्हता. दोन गाड्या भरून मंडळी आली, अंगात काळे कपडे, हातात फुलं आणि हे एवढं हॅम. आर्विल ओसरीवर शेंगा सोलत बसलेला. मी शेजारीच होतो.

"अरे, तू गेलास ना!" नॉर्मा मटकन खालीच बसली.

"मला कुणी सांगितलं नाही बुवा," आर्विल म्हणाला. "आलीच आहेस तर ते हॅम आत ठेव."

हॅम पचलं, चेष्टा पचेना. दुकानात पाऊल टाकलं की कुणीतरी विचारायचं, "काय आर्विल, वर हवापाणी कसं आहे?" शेवटी त्यानं टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकवलं, "टेकडी माझी, फाटक माझं. यंदा ती बाई तिथे नावं घेणार नाही!"

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही सगळे आर्विलच्या टेकडीवरची गावाची थडगी साफ करतो, फुलं वाहतो, फळ्यांची टेबलं मांडून तिथेच जेवतो. जेवणाआधी लोवेला तिथे निजलेल्या सगळ्यांची नावं तोंडपाठ घ्यायची. सर्वांत शेवटी तिचा नवरा एमेट आणि सहा वर्षांची लेक रोझली. एरवी वर्षभर ती दोन नावं तिच्या तोंडून कधी निघायची नाहीत. "पुस्तकं गेली खड्ड्यात," ती माझ्या बायकोला म्हणाली, "पण ती दोन नावं मला तिथेच घेता येतात गं."

त्या रविवारी ती आली, हातात सफरचंदाचा थरांचा केक घेऊन फाटकाबाहेर उभी राहिली. कुणी ताटाला हात लावेना. आर्विल फाटकाशी गेला. टोपी काढली. बायकांनी पोरांचे कान झाकले.

"मला मारलंस ते मारलंस," तो म्हणाला, "पण कुत्रा टाकावा तसा ओढ्यात टाकलास! गावातल्या दारुड्यांनाही चार ओळी मिळाल्या, मला एक नाही? आधी माझ्या ओळी, मग नावं."

म्हणजे याचं दुखणं हे होतं! लोवेलानं केक माझ्या हातात दिला, क्षणभर डोळे मिटले.

"आर्विल होता तोंडाचा तिखट,
खेचरं त्याची त्याहून बिकट.
देवा, त्याला घेशील जेव्हा आत,
टोपी काढली की कानांवर ठेव हात."

"आणि माझा कान?"

"तो गोष्टीत आलाय. दोनदा कशाला?"

आर्विल असा हसला की कुंपणापलीकडची त्याची खेचरंसुद्धा शेपट्या उडवत बिचकली. फाटक उघडलं. लोवेलानं नावं घेतली. एमेट आणि रोझली म्हणताना तिचा आवाज बारीक झाला, तेव्हा आर्विलची टोपी अजून हातातच होती, आणि तोंडातून एकही शिवी नाही.

तो खरंच गेला तेव्हा पेपरात त्याच ओळी आल्या, त्याच्याच हट्टानं. आता लोवेलाही तिथेच आहे. नावं मी घेतो. एमेट, रोझली, लोवेला. तिच्यावर चार ओळी करणं कुणाला जमलं नाही, म्हणून मी आर्विलच्याच म्हणतो. पोरं खिदळतात, आणि मग आम्ही जेवायला बसतो.